गठ्ठा सुटला तेव्हा : मुंबई विद्यापीठाचे २०१७ चे निकाल आणि विद्यापीठासाठी रचना-आराखडा

२०१७ च्या उन्हाळी सत्रात मुंबई विद्यापीठाने सर्व विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. परीक्षा ४७७ होत्या आणि उत्तरपत्रिका सतरा लाखांहून जास्त. कायद्याप्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि काहीही झाले तरी ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. जुलै उजाडला तरी निकालांचा डोंगर बाकी होता. राज्यपाल आणि कुलपती सी. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती उलटली. ऑगस्टमधल्या पुढच्या तारखाही उलटल्या. कॉलेजातले वर्ग थांबवून प्राध्यापकांना तपासणीला बसवावे लागले, बाहेरच्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांची मदत घ्यावी लागली. मागे राहिलेले निकाल सप्टेंबरपर्यंत लागत राहिले. तोवर अनेकांची पदव्युत्तर प्रवेशाची वेळ निघून गेली होती. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलपतींनी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर केले. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या १६० वर्षांत असे पहिल्यांदाच घडले.

या प्रकरणाबद्दल त्या वेळी जे बोलले गेले ते साधारण तीन वाक्यांत मावते. घाई झाली. कंत्राटदाराची तयारी नव्हती. प्राध्यापकांना प्रशिक्षण मिळाले नाही. तिन्हींत तथ्य आहे. परीक्षा सुरू झाल्या तेव्हा स्कॅनिंगचे आणि पडद्यावरच्या तपासणीचे काम कोण करणार हेच पक्के नव्हते, एवढी एक गोष्टसुद्धा पुरेशी बोलकी आहे. पण मला ही कारणे अपुरी वाटतात. समजा, सहा महिने आधी सुरुवात झाली असती आणि कंत्राटदार उत्तम मिळाला असता. तरीही सतरा लाख उत्तरपत्रिका परीक्षा केंद्रापासून गुणपत्रिकेपर्यंत कशा पोचतात, वाटेत त्यांची ओळख कशी टिकते आणि कोणत्या टप्प्यावर कोण धनी असतो, हे विद्यापीठात एका जागी कुठे लिहिलेले होते? एंटरप्राइझ आर्किटेक्चर, म्हणजे संस्थेचा रचना-आराखडा, म्हणतात तो हाच. संस्था कोणती कामे करते, त्या कामांना कोणती माहिती लागते, ती माहिती कोणत्या प्रणालीत राहते, प्रणाली कशावर चालतात आणि प्रत्येकाला जबाबदार कोण, याचा एकत्र नकाशा. एका ठिकाणी हात लावला तर दुसरीकडे काय हलेल, हे त्यावरून दिसले पाहिजे.

हे प्रकरण मी त्या नजरेने लिहीत आहे. आधी काय मोडले ते, आणि मग अशा विद्यापीठासाठी आराखडा बांधायचा तर तो कुठून सुरू करावा ते.

गठ्ठ्यात काय काय होते

कागदावर तपासणी होत असे तेव्हा उत्तरपत्रिका एकेकटी कधीच फिरत नसे. ती गठ्ठ्याने फिरे. परीक्षा संपली की पर्यवेक्षक आपल्या वर्गातल्या उत्तरपत्रिका आसन क्रमांकाने लावून, हजेरीपटाशी मोजून केंद्रावर देई. हजर किती, गैरहजर किती, हातात किती, याचा मेळ बसला की विषयाप्रमाणे गठ्ठा बांधला जाई. वर चिठ्ठी असे: विषयाचा सांकेतिक क्रमांक, तारीख, सत्र, केंद्र, संख्या. मोहोर लागे, सही होई. गठ्ठा मध्यवर्ती मूल्यांकन केंद्रात, म्हणजे सगळे ज्याला कॅप सेंटर म्हणतात तिथे, पुन्हा मोजून घेतला जाई. प्राध्यापकाला देताना मोजणी, परत घेताना मोजणी, नियमनासाठी, म्हणजे दुसऱ्या परीक्षकाच्या फेरतपासणीसाठी, काढलेल्या प्रतींची वेगळी मोजणी.

संगणकात काहीही नसताना या साध्या दोरीने बांधलेल्या वस्तूत किती गोष्टी सामावल्या होत्या, हे बघण्यासारखे आहे. गठ्ठा विषयाची ओळख सांभाळत होता. वाणिज्यचा पेपर कलाशाखेच्या प्राध्यापकाकडे चुकून जाणे जवळपास अशक्य होते, कारण अख्खा गठ्ठाच एका विषयाचा. गठ्ठा संख्येचा पुरावा होता. ताबा कोणाकडे आहे ते गठ्ठा सांगत होता, कारण वहीत सही होती. उत्तर मराठीत लिहिले आहे की इंग्रजीत, हे समोर बसलेल्या माणसाला पान उघडताच दिसत होते आणि दोन गठ्ठे वेगळे करता येत होते. आणि काम किती उरले, हे सांगायला अहवाल लागत नव्हता. संध्याकाळी टेबलावर किती गठ्ठे शिल्लक आहेत ते केंद्रप्रमुखाला उभ्या उभ्या दिसत होते.

म्हणजे विद्यापीठाकडे रचना होतीच. ती कागदावर मांडलेली नव्हती, दोरीत आणि सवयीत होती. ज्येष्ठ लिपिक आणि केंद्रप्रमुख तिचे जाणकार होते.

आता स्कॅनिंग म्हणजे काय ते पाहा. गठ्ठा सोडायचा. उत्तरपत्रिकेची शिवण कापायची. पुरवण्या दोऱ्याने बांधलेल्या असतात, तो दोरा काढायचा. सुटी पाने यंत्रातून घालायची. प्रत्येक पानाचे चित्र होते, चित्रांचा संच एका बारकोडला जोडला जातो आणि तो संच कुठल्या तरी प्राध्यापकाच्या लॉगिनमध्ये उघडतो. गठ्ठा मोडला. त्याने मुकाट्याने सांभाळलेल्या पाच-सहा गोष्टी आता कुठेतरी लिहून ठेवायला हव्या होत्या: बारकोडमागे विषयाचा क्रमांक, पानांची आणि पुरवण्यांची संख्या, उत्तराची भाषा, केंद्र, पेटी आणि आत्ता ताबा कोणाचा. यातली एक जरी सुटली, तरी उत्तरपत्रिका सर्व्हरवर असूनही हरवलेली असते.

त्या उन्हाळ्यात नेमके तेच झाले. एका विषयाच्या उत्तरपत्रिका दुसऱ्या विषयाच्या प्राध्यापकांच्या पडद्यावर आल्या. काही उत्तरपत्रिका कोणत्याच विद्यार्थ्याच्या नावाशी जुळेनात. काही सापडल्याच नाहीत, आणि अशा विद्यार्थ्यांना अखेर सरासरी गुण द्यावे लागले. पुनर्मूल्यांकनाच्या आणि छायांकित प्रतींच्या अर्जांची रांग मग पुढच्या सत्रावर चढली. वर्तमानपत्रांनी याला ‘गोंधळ’ म्हटले. ते बरोबरच, पण गोंधळाचा एक ठरावीक आकार होता: गठ्ठ्याने धरलेली प्रत्येक गोष्ट जिथे निसटली तिथेच तो उठला.

हीच पद्धत विद्यापीठात अभियांत्रिकीच्या परीक्षांना आधीपासून चालू होती. मग तिथे का चालली? अभियांत्रिकीत विषय ठरलेले, कॉलेजे मोजकी, प्रत्येक कॉलेजात संगणक प्रयोगशाळा, उत्तरे इंग्रजीत. पडद्यावर बसायची सवय असलेले प्राध्यापक. तिथे यश मिळाले म्हणून पद्धत सिद्ध झाली असे मानले गेले. वास्तविक तिथे सिद्ध झाले ते एवढेच, की या परिस्थितीत ही पद्धत चालते. वाणिज्य शाखेत एकेका पेपरला बसणारे हजारोंनी, उत्तरांना दोन भाषा, आणि परीक्षकांत कॉलेजात लॉगिनची गरजच न पडलेली माणसे. गृहीतके बदलली होती. ती कुठे लिहिलेलीच नसल्याने बदलल्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही.

पाटीवरचे गणित

या प्रकरणात मला सर्वात जास्त अस्वस्थ करते ते हे, की पाटी-पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात करता आले असते असे गणित होते. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, पण पट कळायला पुरेत.

उत्तरपत्रिका सतरा लाख. एकीची शिवण कापणे, पाने सारखी करणे, यंत्रातून घालणे, तपासणे आणि पुन्हा बांधणे याला फक्त एक मिनिट धरू. सतरा लाख मिनिटे म्हणजे सुमारे २८,३०० तास. वीस यंत्रे रोज सोळा तास चालवली तर रोजचे ३२० तास, म्हणजे ८८ दिवस. पन्नास यंत्रे लावली तर ३५ दिवस. कायद्याचे ४५ दिवस त्यातच संपत आले, आणि अजून एकही पान तपासलेले नाही. तपासणी स्कॅनिंगबरोबर चालेल हे खरे, पण मग स्कॅनिंगचा क्रम निकालाच्या क्रमाशी जुळायला हवा. ज्या परीक्षेचा निकाल आधी लागायला हवा तिच्या पेट्या आधी. ज्या विषयाचे परीक्षक आज बसलेले आहेत त्याच विषयाची पाने आज. नाहीतर स्कॅनिंग जोरात आणि प्राध्यापक रिकाम्या पडद्यासमोर, असे होते.

परीक्षकांचे गणितही तसेच. दिवसाला चाळीस उत्तरपत्रिका एकाने नीट तपासल्या तर ४२,५०० माणूस-दिवस. तीस दिवसांत आटोपायचे तर रोज चौदाशेच्या वर प्राध्यापक, आणि प्रत्येकाला चालणारा संगणक व न तुटणारी जोडणी. नियमन त्यानंतरचे. पाने बत्तीस धरली तर चित्रे साडेपाच कोटींच्या आसपास. शंभर केबीचे एक चित्र म्हटले तर साठवण साडेपाच टीबी, म्हणजे फार नाही. खरा ताण साठवणीवर येत नाही. सकाळी अकरा वाजता दीड हजार माणसे एकदम पाने उलटू लागतात तेव्हा येतो. विद्यापीठाच्या कालिना संकुलातल्या सर्व्हरपासून सिंधुदुर्गातल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेपर्यंत. विद्यापीठाचा विस्तार मुंबईपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गापर्यंत आहे, आणि कोकणातली पावसाळ्यातली वीज ही या रचनेतली एक गोष्ट आहे. तिला आराखड्यात जागा द्यावी लागते.

बाहेरचे साचे आणि आपले विद्यापीठ

आता आराखड्याकडे. एंटरप्राइझ आर्किटेक्चरसाठी तयार पद्धती आहेत. जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये आयबीएमच्या नियतकालिकात मांडलेली आणि पुढे वाढवलेली चौकट काय, कसे, कुठे, कोण, कधी, का या प्रश्नांवर उभी आहे. टोगॅफ ही ओपन ग्रुपची पद्धत १९९५ पासून आहे आणि ती काम, माहिती, प्रणाली, तंत्रज्ञान अशा थरांनी, टप्प्याटप्प्याने आराखडा कसा बांधावा ते सांगते. केंद्र सरकारची इंडईए चौकट सरकारी संस्थांसाठी आहे. उच्च शिक्षणाचा खास संदर्भ-आराखडा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या विद्यापीठांच्या संगणक संचालकांच्या परिषदेने तयार केला. विद्यापीठाच्या क्षमता, म्हणजे त्याला करता यायला हवीत ती कामे, आणि माहितीचे घटक त्यात मांडलेले आहेत.

यातला शेवटचा हाताशी ठेवण्याजोगा आहे. पण तो तसाच उचलला तर आपल्याकडचे निम्मे विद्यापीठ त्यात बसत नाही. तिकडचे विद्यापीठ आपल्याच वर्गात आपल्याच विद्यार्थ्यांना शिकवते आणि आपणच परीक्षा घेते. मुंबई विद्यापीठाचे बहुतेक विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात कधी पाऊलही टाकत नाहीत. ते संलग्न कॉलेजांत शिकतात, आणि अशी कॉलेजे शेकडोंनी आहेत. प्रवेश कॉलेज देते, पात्रता विद्यापीठ तपासते. पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा कॉलेज घेते, शेवटच्या वर्षाची विद्यापीठ. अंतर्गत गुण कॉलेजातून येतात. शिष्यवृत्ती राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावरून जाते. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाकडून होतात. म्हणून आपल्या आराखड्याच्या पहिल्या पानावर ‘संलग्नता’ ही स्वतंत्र आणि ठळक क्षमता लागते, आणि ‘परीक्षा’ ही अध्यापनाच्या पोटातली एक ओळ म्हणून चालत नाही. तिला स्वतःचे पान हवे.

साच्याची निवड हा विषय मी इथेच सोडतो. टोगॅफ की आणखी काही, यावर बैठका घालवणाऱ्या संस्था गठ्ठ्याच्या चिठ्ठीपर्यंत क्वचितच पोचतात.

सुरुवात माहितीपासून

मी असा आराखडा बांधायला घेतला तर प्रणालींची यादी शेवटी करेन. आधी माहितीचे घटक. विद्यार्थी, अभ्यासक्रम, विषय, कॉलेज, परीक्षा, परीक्षक, उत्तरपत्रिका, गुण, श्रेयांक (क्रेडिट), शुल्क. जेमतेम दहा-बारा. प्रत्येकापुढे तीन प्रश्न: त्याची खरी नोंद कुठे, धनी कोण, आणि ओळख कोणत्या क्रमांकाने.

तिसरा प्रश्न साधा दिसतो, पण २०१७ चा अर्धा गोंधळ त्यात आहे. विद्यार्थ्याला कायम नोंदणी क्रमांक असतो, ज्याला सगळे पीआरएन म्हणतात. त्याला प्रत्येक परीक्षेसाठी वेगळा आसन क्रमांक मिळतो. उत्तरपत्रिकेला बारकोड असतो, आणि परीक्षकाला विद्यार्थी ओळखू येऊ नये म्हणून आसन क्रमांक झाकलेला असतो. माणूस, परीक्षेतली त्याची हजेरी आणि त्याने लिहिलेला कागद अशा या तीन वेगळ्या वस्तूंच्या तीन ओळखी आहेत. त्यांना जोडणारा दुवा एकदाच, परीक्षेच्या खोलीत, घड्याळाकडे लक्ष असलेला विद्यार्थी आणि चाळीस जणांवर नजर ठेवणारा पर्यवेक्षक यांच्या हातून तयार होतो. चुकीचा गोल रंगवला, चुकीचा स्टिकर लागला, की दुवा तुटला. म्हणून आराखड्यात सर्वात जास्त पैसा आणि लक्ष जिथे जायला हवे ती जागा कालिन्यातला सर्व्हर नसून परीक्षेच्या खोलीतली ती दोन मिनिटे आहेत. विद्यार्थ्याच्या नावाने आधीच छापलेला बारकोड, विषय क्रमांकासकट. हजेरीपटावर त्याचा जोडीदार. पुरवणीवर तोच क्रमांक. खोली सोडण्याआधी मेळ. ही शिस्त बसली तर पुढची प्रणाली साधी असली तरी चालते.

पहिला प्रश्नही टाळता येत नाही. विषयांचे सांकेतिक क्रमांक अभ्यास मंडळाच्या कागदात एक, वेळापत्रकात दुसरे, प्रश्नपत्रिकेवर तिसरे असा प्रकार कुठल्याही मोठ्या विद्यापीठात सापडेल, कारण अभ्यासक्रम बदलतो आणि एटीकेटीवाला विद्यार्थी जुन्या अभ्यासक्रमाचा पेपर पुढे कितीतरी सत्रे देत राहतो. जुना आणि नवा पेपर एकाच दिवशी, एकाच नावाने. माणसाला हे समजते, यंत्राला सांगावे लागते. विषयांची एकच अधिकृत सूची असावी, तिचा धनी विद्या परिषदेच्या निर्णयांची नोंद ठेवणारा विभाग असावा, आणि परीक्षा विभागाने ती फक्त वाचावी, स्वतःची वेगळी करू नये. मी आराखड्यातली पहिली लेखी तत्त्वे निवडली तर हे त्यात सर्वात वर असेल. दुसरे तत्त्व: जी गोष्ट मोजून घेतली ती मोजून द्यायची, कागद असो वा चित्र. तिसरे: वेळापत्रक जाहीर झाल्यानंतर त्या सत्राची मूल्यमापन पद्धत बदलायची नाही. तत्त्वे तीनच ठेवीन, कारण बैठकीत लक्षात राहतील तेवढीच पाळली जातात.

प्रणाली, आणि त्यांच्यामधली जागा

प्रणालींबाबत फार लिहायची गरज नाही. शिक्षण मंत्रालयाच्या उपक्रमातून दिल्ली विद्यापीठात तयार झालेली ‘समर्थ’ ही प्रणाली आता देशभरातल्या अनेक विद्यापीठांत वापरली जाते आणि महाराष्ट्रातही आली आहे. प्रवेश, शुल्क, आस्थापना, परीक्षा असे तिचे भाग आहेत. विकत घ्या, भाड्याने घ्या किंवा अशी सामाईक प्रणाली वापरा. आराखड्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती प्रणालींमधली जागा. स्कॅनिंग करणारा एक, तपासणीचा पडदा दुसऱ्याचा, निकाल लावणारी प्रणाली तिसरी, असे असते तेव्हा प्रत्येक हस्तांतरणाला पावती हवी. आज तुमच्याकडे इतक्या उत्तरपत्रिका दिल्या, तुम्हाला इतक्या मिळाल्या, फरक इतका, या क्रमांकांचा. करारात हे लिहिलेले असायला हवे, आणि करार संपल्यावर सर्व चित्रे व नोंदी विद्यापीठाला वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळतील हेही. कंत्राटदार बदलला की विद्यापीठाची स्मृती जायला नको.

एक पडदा मात्र मी आग्रहाने मागेन: टेबलावरचे गठ्ठे. परीक्षेप्रमाणे, विषयाप्रमाणे किती आल्या, किती स्कॅन झाल्या, किती तपासल्या, किती नियमनात, किती अडल्या आणि का. हा पडदा परीक्षा विभागापुरता न ठेवता कुलगुरू, प्राचार्य आणि विद्यार्थी या सगळ्यांना दिसावा. २०१७ मध्ये मुले रोज विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जाऊन तारीख शोधत होती. तिथे शिल्लक कामाचा खरा आकडा असता तर निकाल लवकर लागला नसता, पण परदेशात प्रवेश मिळालेल्या मुलीला आपण तिथल्या विद्यापीठाला काय लिहायचे हे तरी ठरवता आले असते.

धनी कोण

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. म्हणजे या प्रकरणाच्या नेमक्या तोंडावर. त्यात परीक्षा व मूल्यमापन मंडळ आहे, त्याला संचालक आहे, आणि पूर्वी नसलेले माहिती तंत्रज्ञान मंडळ नावाचे प्राधिकरण आहे. मी हा कायदा आराखड्याच्या नजरेने वाचला तेव्हा मला आनंद झाला, कारण आराखड्याला लागणारी खुर्ची कायद्याने आधीच करून ठेवली आहे. पण नव्या कायद्याखालची प्राधिकरणे एका रात्रीत उभी राहत नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेच्या (सिनेटच्या) निवडणुकाच २०१८ मध्ये झाल्या. इतका मोठा बदल अशा संधिकाळात करायचा, जुनी समिती मावळलेली आणि नवी बसायची असताना, हीच मोठी जोखीम होती. निर्णय एका टेबलावर एकवटला आणि त्याला अडवणारे, विचारणारे टेबल उरले नाही. कुलगुरूंना हटवून जबाबदारी निश्चित झाली, हे कायद्याने योग्यच. रचनेतली रिकामी जागा मात्र त्याने भरत नाही.

म्हणून आराखड्यात मी माहिती तंत्रज्ञान मंडळाच्या हाताखाली एक छोटा रचना-गट मागेन. त्यात परीक्षा विभागाचा एक जुना अधिकारी, कॅप सेंटर चालवलेला एक प्राध्यापक, एका ग्रामीण कॉलेजचा प्राचार्य, एक विद्यार्थी प्रतिनिधी, वित्त विभागाचा माणूस आणि संगणक विभागाचे दोघे. निविदा काढण्याआधी बदलाचा कागद या गटासमोर यावा, आणि त्या कागदात तीन गोष्टी असल्याशिवाय तो पुढे जाऊ नये: पाटीवरचे गणित, गृहीतकांची यादी, आणि मागे फिरण्याची वाट.

मागे फिरण्याच्या वाटेबद्दल थोडे जास्त लिहितो. पडद्यावरची तपासणी थांबवून उरलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा कागदावर तपासायच्या, असा पर्याय कोणत्याही क्षणी असतो असे वाटते. तो नसतो. शिवण कापलेली उत्तरपत्रिका कागदावर तपासायला द्यायची तर आधी ती पुन्हा जुळवावी लागते, म्हणून जितक्या कापल्या तितकी परतीची वाट बंद होत जाते. हे आधी ठरवायला हवे होते की अमुक दिवशी, अमुक टक्के काम झाले नसेल तर उरलेल्या न कापलेल्या पेट्या थेट कॅप सेंटरला जातील, आणि हा आदेश परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक कोणाला न विचारता देऊ शकतील. अशी रेघ मारलेली असती तर ती मेच्या अखेरीस ओलांडली गेल्याचे दिसले असते. प्रत्यक्षात जुलैत कुलपतींना तारीख द्यावी लागली.

क्रमाबद्दलही हेच. अभियांत्रिकीनंतर एकदम सगळ्या शाखा न घेता आधी विधी शाखा घ्यायला हवी होती, असे मला वाटते. विद्यार्थी तुलनेने कमी, उत्तरे लांबलचक, पुरवण्या भरपूर. पुरवणीची कसोटी तिथे लागली असती. मग विज्ञान. वाणिज्य सर्वात शेवटी, आणि तेही एका जिल्ह्यापासून. दोन-तीन वर्षे लागली असती. प्रत्येक सत्राला मधल्या काळाचा आराखडा वेगळा असता: या सत्रात कोणत्या शाखा कागदावर, कोणत्या पडद्यावर, दोन्हींचे गुण निकालाच्या प्रणालीत कोणत्या दाराने येणार.

आता हे का लिहायचे

कारण ओझे वाढले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यातल्या संलग्न कॉलेजांत नवी रचना २०२४-२५ पासून सुरू झाली. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक, कौशल्याचे विषय, मध्येच बाहेर पडायची आणि परत यायची सोय. विषयांची जुळणी विद्यार्थ्यागणिक वेगळी. २०२१ च्या यूजीसी विनियमांनी श्रेयांकांची बँक आली, आणि त्या बँकेतला विद्यार्थ्याचा बारा अंकी क्रमांक आता पीआरएन, आसन क्रमांक आणि बारकोड यांच्या जोडीला चौथी ओळख म्हणून उभा आहे. श्रेयांक एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणार, म्हणजे इथे चुकलेली नोंद आता इथेच राहणार नाही. गठ्ठ्याच्या काळात एका विषयाचा एक ढीग तरी होता; आता विद्यार्थ्यागणिक वेगळा ढीग आहे.

माहितीच्या घटकांत मी ‘गुण’ असे लिहिले होते. त्या घटकाला आकड्याखेरीज आणखी एक रकाना असावा, असे मला या प्रकरणावरून ठाम वाटते: हा गुण आला कसा. परीक्षकाने तपासून, नियमनात बदलून, पुनर्मूल्यांकनात, कृपागुणांनी, की उत्तरपत्रिका सापडली नाही म्हणून सरासरीने. गुणपत्रिकेवर तो छापायचा नाही, विद्यार्थ्याला त्याचा डाग लागता कामा नये. पण विद्यापीठाच्या नोंदीत तो हवा, आणि विद्यार्थ्याने मागितला तर त्याला मिळायला हवा. २०१७ मध्ये ज्यांना सरासरी गुण मिळाले त्यांच्यापैकी कोणी तीन तास लिहून ऐंशीच्या लायकीचा पेपर दिला असेल. तो पेपर कुठल्या पेटीतून कुठे गेला, शेवटचा कोणाच्या ताब्यात होता, एवढे तरी त्या मुलाला सांगता यायला हवे होते.